सुगंधी पाणी आणि वाफेची इस्त्री: आमच्या कपडेपटातला अनुभव

ज्या कदावर (रेशमी सोवळ्याच्या धोतरावर) डाग पडले तो मी अजून टाकलेला नाही. मलईच्या रंगाचा रेशमी कद, आमच्या नाटकातल्या शास्त्रीबुवांचा. सोग्याजवळ तीन तपकिरी ठिपके आहेत, सगळ्यात मोठा शेंगदाण्याएवढा. दोनदा ड्रायक्लीनला देऊन झाला. ठिपके फिके झाले, गेले नाहीत. ते पडले मी वाफेच्या इस्त्रीच्या टाकीत लव्हेंडरचं सुगंधी पाणी घातलं म्हणून. त्या पाण्याबद्दल, नंतर सापडलेल्या वाळ्याच्या पाण्याबद्दल आणि मधल्या काळात जे काही शिकले त्याबद्दल नीट लिहायचं ठरवलं, कारण ही पाणी आता दुकानांतून सर्रास दिसू लागली आहेत आणि बाटलीवर सुगंधाचं वर्णन जितकं असतं तितकी वापराची माहिती नसते.

मी फोंडा तालुक्यात, म्हार्दोळपासून जवळ राहते. शिवणकाम करते. गावच्या जत्रेला मराठी नाटक होतं, त्याचा कपडेपट गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत आमचं मंडळ उतरलं की तेव्हाही कपडे मीच बघते. पितांबर, शालू, अंगरखे, उपरणी, फेटे, काही खरी जर, बरीचशी खोटी जर. चार पत्र्याच्या ट्रंका आणि एक कपाट.

कपडेपट सांभाळणाऱ्याला वासाचा त्रास काय असतो ते बाहेरच्याला कळणार नाही. दिव्यांखाली तीन तास अंगरखा घालून माणूस उभा राहतो, घामाने भिजतो आणि पडदा पडल्यावर तो अंगरखा तसाच ट्रंकेत जातो, कारण रात्रीचे दोन वाजलेले असतात आणि टेम्पोवाला खोळंबलेला असतो. दुसऱ्या दिवशी मी सगळं उन्हात घालते, पण मखमल आणि जरीचे कपडे दर वेळी धुता येत नाहीत. मग पावसाळा येतो. जून ते सप्टेंबर गोव्यात कपडा वाळला असं हाताला वाटतं, पण तो वाळलेला नसतो. कपाट उघडलं की कुबट वास तोंडावर येतो. चामड्याच्या चपलांना तर चवथीपर्यंत पांढरी बुरशी धरते. म्हणून सुगंधी पाण्याची बाटली दिसली तेव्हा मला खरोखरच वाटलं की ही आपल्यासाठीच केली आहे.

बाटली पणजीला घेतली, गेल्या जुलैत. अर्ध्या लिटरची, लव्हेंडरची, परदेशी बनावटीची, ६५० रुपये. समोर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की वाफेच्या इस्त्रीसाठी. दुकानदाराने झाकण उघडून वास दिला. स्वच्छ, थंड वास, डोकं न चढवणारा. वासाच्या बाबतीत मी या बाटलीला आजही पूर्ण गुण देईन.

घरी येऊन टाकी रिकामी केली आणि त्यात निम्मं हे पाणी, निम्मं नळाचं असं घातलं. पहिल्या दिवशी चार सुती नऊवाऱ्या आणि यजमानांचे सदरे केले. खोलीभर सुगंध पसरला. सूनबाई स्वयंपाकघरातून येऊन विचारून गेली, 'आई, काय लावलंत?' मी खूश. नंतर तीन-चार वेळा तसंच केलं. प्रत्येक वेळी उरलेलं पाणी टाकीतच राहू दिलं, कारण ६५० रुपयांचं पाणी मोरीत ओतायला हात होईना. ही माझी मोठी चूक होती, आणि ती पाण्यापेक्षाही जास्त भोवली.

पाचव्या वेळी कद घेतला. रेशीम म्हणून इस्त्रीची तापमानाची चकती दोन ठिपक्यांच्या खुणेवर ठेवून फिरवली. दोन फेऱ्या बरोबर गेल्या. तिसऱ्या फेरीला इस्त्री गुरगुरली, थुंकल्यासारखं झालं आणि वाफेच्या भोकांतून तपकिरी पाणी कापडावर पडलं. मी झटकन उचलली, तरी रेशमाने ते पिऊन टाकलं होतं. गरम इस्त्रीखाली पडलेला डाग तिथेच पक्का होतो. ओल्या फडक्याने टिपलं तर ठिपक्याभोवती पाण्याचं कडं उमटलं, ते वेगळंच. प्रयोग आठ दिवसांवर होता. शास्त्रीबुवांना दुसरा कद नेसवला, तो थोडा आखूड होता, आणि पहिल्या अंकात ते सारखा सोगा ओढत होते. ते मला विंगेतून बघवत नव्हतं.

इस्त्री फोंड्याला दुरुस्तीला नेली. दुरुस्तीवाल्याने टाकीचं झाकण उघडून नाकाशी धरलं आणि विचारलं, 'बाय, हातूंत कितें घालतात तुमी?' (बाई, यात काय घालता तुम्ही?) मी सांगितलं. त्याने इस्त्री खोलून मला आतलं दाखवलं, आणि ते बघितल्यावर सगळा उलगडा झाला. वाफेच्या इस्त्रीत पाणी टाकीत उकळत नाही. टाकीतून थेंब थेंब खाली येतं, तापलेल्या तळाच्या पोकळीत पडतं आणि तिथे क्षणात त्याची वाफ होते. उडणारं सगळं उडून जातं. न उडणारं तिथेच राहतं. साध्या पाण्यातला चुना राहतो, तो पांढरा थर आपण सगळ्यांनी बघितला आहे. सुगंधी पाण्यात मात्र सुगंधाबरोबर आणखी काही असतं. तेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते मिसळून ठेवायला साबणासारखा पदार्थ घालतात. पाणी टिकावं म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह घालतात. कशात रंग असतो, कशात ग्लिसरीन. हे सगळं तापलेल्या धातूवर पुन्हा पुन्हा करपतं आणि त्याचा चिकट तपकिरी थर बसतो. माझ्या इस्त्रीच्या पोकळीत असा थर होता, करपलेल्या गुळाच्या पाकासारखा. त्यातलाच तुकडा सुटून पाण्याबरोबर खाली आला होता.

घरी येऊन मी इस्त्रीची पुस्तिका शोधली. ती पेटीतच होती, प्लास्टिकच्या पिशवीत, उघडलेलीसुद्धा नव्हती. त्यात स्पष्ट छापलं आहे: टाकीत अत्तर, व्हिनेगर, स्टार्च, थर काढायची द्रव्यं, इस्त्रीसाठीची इतर द्रव्यं किंवा कुठलंही रसायन घालू नये. नंतर मी ओळखीच्या तीन घरांत जाऊन पुस्तिका बघितल्या, निरनिराळ्या कंपन्यांच्या. शब्द थोडे इकडेतिकडे, मनाई तीच. मग मी पाण्याची बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली. तिथेही लिहिलं होतं की वापरण्यापूर्वी इस्त्रीच्या उत्पादकाच्या सूचना पाहाव्यात. म्हणजे समोर मोठ्या अक्षरांत इस्त्रीसाठी, आणि मागे बारीक अक्षरांत जबाबदारी तुमची. यात बाटलीवाल्याने खोटं काही लिहिलेलं नाही, पण समोरच्या मोठ्या अक्षरांवर विश्वास ठेवून माणूस पैसे देतो, आणि ही गोष्ट मला आजही खटकते. इस्त्री वॉरंटीत होती. पुस्तिकेत मना केलेली वस्तू मीच घातली होती, त्यामुळे वॉरंटी मागायला गेले नाही. दुरुस्तीचे ३५० रुपये दिले.

आता तुमच्यापैकी कुणी आधीच असं पाणी टाकीत घातलं असेल तर घाबरून जाऊ नका. मला दुरुस्तीवाल्याने सांगितलं तेच सांगते, आणि पुस्तिकेतही जवळजवळ तसंच आहे. टाकी पूर्ण रिकामी करायची. साधं पाणी शेवटच्या रेघेपर्यंत भरायचं. इस्त्री सगळ्यात वरच्या तापमानाला तापू द्यायची, मग प्लग काढायचा. मोरीवर आडवी धरून, सेल्फ क्लीनचं बटण किंवा खुंटी असेल ती दाबून, हलकेच पुढेमागे हलवायची. वाफ आणि उकळतं पाणी भोकांतून खाली येतं आणि त्याबरोबर घाणही येते, म्हणून हात वरच ठेवायचा, खाली नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत दोनतीनदा हेच करायचं. मग एखाद्या जुन्या पंचावर फिरवून बघायचं आणि तो पंचा डोळ्यांसमोर धरून तपासायचा. त्यानंतरच चांगला कपडा. व्हिनेगर घालून उकळा असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पुस्तिकेत मना केलं असेल तर तेही नको, आतल्या रबराला आणि धातूला ते खातं.

टाकीत कुठलं पाणी घालायचं हाही प्रश्न आमच्याकडे आहेच. नळाला ओपाच्या प्रकल्पाचं, खांडेपार नदीचं पाणी येतं. माझ्या अनुभवात ते इस्त्रीत फारसा पांढरा थर धरत नाही. विहिरीचं मात्र मी कधी घालत नाही. आमची विहीर चिऱ्यात खणलेली आहे आणि त्या पाण्यात लोह आहे. पांढरं धोतर त्यात चार वेळा धुतलं की पिवळट होतं, तर तेच पाणी तापलेल्या इस्त्रीतून आलं तर काय होईल! शेजारच्या वहिनी एसीच्या नळीखाली बादली लावतात. एसीचं पाणी म्हणजे फुकटचं डिस्टिल्ड, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते हवेतून सुटलेलं असतं हे खरं, पण एसीच्या जाळीवरची धूळ, बुरशी, धातूचा अंश घेऊन येतं, आणि पागोळीच्या पाण्याचंही तेच. काही कंपन्या पुस्तिकेत एसीचं आणि पावसाचं पाणी नाव घेऊन मना करतात. मी आता अर्धं नळाचं आणि अर्धं डिमिनरलाइज्ड, म्हणजे क्षार काढलेलं, घालते आणि काम झालं की टाकी ओतून उघडी ठेवते. आमच्या हवेत बंद टाकीत राहिलेलं पाणी चार दिवसांत वास मारतं, मग त्यात सुगंध घालून काय उपयोग?

लव्हेंडरची बाटली अजून निम्मी होती. ती फेकली नाही. फवारणीच्या बाटलीत भरली आणि कापडावर वापरायला लागले. इथे सांगते की या वापरात ते पाणी खरंच चांगलं निघालं. माझी आई कोळशाच्या इस्त्रीच्या दिवसांत सुती लुगड्यांवर हाताने पाणी शिंपडायची, घट्ट गुंडाळी करून ठेवायची आणि अर्ध्या तासाने इस्त्री घ्यायची. तसंच मी करते. टाकीत साधं पाणी. कपडा उलटा करायचा, हातभर अंतरावरून बारीक फवारा, गुंडाळी, दहापंधरा मिनिटं. ओल सगळीकडे सारखी पसरते, डाग पडत नाही आणि सुती कपड्याची चूणही चांगली निघते. इस्त्रीत काही अडकत नाही, कारण इस्त्रीच्या आत काही जातच नाही. तळाला थोडा चिकटपणा येतो, तो दर आठवड्याला इस्त्री थंड असताना ओल्या फडक्याने पुसते.

पण लव्हेंडर टिकत नाही. हे नुसतं नाकाने ठरवलेलं नाही. एकाच थानातले तीन सुती रुमाल घेतले. एकावर लव्हेंडर, एकावर किराणा दुकानातलं गुलाबपाणी, एकावर वाळ्याचं पाणी. तिन्हींना सारखी इस्त्री केली आणि वेगवेगळ्या डब्यांत ठेवले. रोज सकाळी यजमान आणि सूनबाई, दोघांना डोळे मिटून वास घ्यायला लावला. इस्त्री करताना लव्हेंडरने खोली भरून गेली होती, आणि दुसऱ्या सकाळी त्या रुमालाला जेमतेम वास होता. तिसऱ्या दिवशी काहीच नाही. वाळ्याचा इस्त्रीच्या वेळी जेमतेमच आला आणि चौथ्या दिवशीही होता. विचार केला तर कारण सरळ आहे. लव्हेंडरचा सुगंध ज्या घटकांतून येतो, त्यातला मुख्य लिनालूल, ते हलके आणि लवकर उडणारे. लिंबू-संत्र्याचे तर त्याहून लवकर उडतात. वाळ्याचे, चंदनाचे रेणू जड असतात, ते सावकाश सुटतात. गरम इस्त्री आणि वाफ हलक्या सुगंधाला कपड्यातून काढून हवेत पाठवते. इस्त्री करताना जो दरवळ आपल्याला इतका आवडतो, तो कपड्यातून निघून चाललेला असतो.

वाळ्याचं पाणी मला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळालं. एक बाई साबण, उटणं, तेलं घेऊन बसतात. त्या स्वतः ऊर्ध्वपातन करतात, म्हणजे वाळ्याच्या मुळ्यांतून वाफ काढून थंड करतात. त्यातलं तेल वेगळं होतं आणि जे पाणी राहतं त्यातही थोडा सुगंध उतरलेला असतो. वाळ्याला इतर फुलापानांपेक्षा फार वेळ लागतो, तेल मुळीत घट्ट असतं. २०० मिलीची काचेची बाटली, १८० रुपये. मी विचारलं, 'बाई, इस्त्रीत घालू का?' त्या म्हणाल्या, 'नको, फवारा. आणि फ्रिजमध्ये ठेवा, यात टिकवायचं काही घातलेलं नाही. ढगाळ दिसलं की ओतून टाका.' विकणाऱ्याने आपल्या मालाच्या मर्यादा न विचारता सांगाव्यात, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. मी त्यांची तिसरी बाटली वापरते आहे. एक बाटली पावसात फ्रिजबाहेर राहिली होती, ती आठवड्याभरात गढूळ झाली. सांगितल्याप्रमाणे ओतली.

वास मातीचा, गारव्याचा. मे महिन्यात वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारल्यावर येतो तसा. नटांच्या घामाच्या वासाशी तो भांडत नाही. लव्हेंडर घामावर बसलं की तिसराच काहीतरी विचित्र वास होतो, हे मी अंगरख्यांच्या काखेत बघितलं आहे. आणि हेही सांगायला हवं की घामट कपड्यावर सुगंध मारून इस्त्री करू नका. उष्णतेने घामाचा डाग आणि वास कापडात आणखी मुरतो. आधी धुवा, धुता येत नसेल तर अस्तर सोडवून तेवढं धुवा. मी सगळ्या अंगरख्यांना काखेत सुटी सुती पट्टी टाचते, ती प्रत्येक प्रयोगानंतर निघते आणि धुतली जाते. सुगंधी पाण्यापेक्षा या पट्टीने माझं काम जास्त हलकं केलं.

वाळ्याच्या पाण्यात एक उणीव आहे. त्याला किंचित पिवळट छटा असते. पांढऱ्याशुभ्र कपड्यावर मी ते मारत नाही, आतल्या शिवणीवर मारून बघते. शालूवर आणि जरीवर तर कुठलंच पाणी नाही. रेशमावर पाण्याचे कडे उमटतात आणि खऱ्या जरीतली चांदी अत्तराने काळी पडते. शालूला मी उलट्या बाजूने, वर पातळ मलमल घालून, वाफ बंद ठेवून, कोमट इस्त्री देते.

गुलाबपाण्याबद्दल थोडक्यात. किराणा दुकानातली बहुतेक बाटली सुगंध घातलेल्या पाण्याची असते, काहींत ग्लिसरीन. माझ्या बाटलीत होतं. रुमाल इस्त्रीला चिकटला. पुन्हा घेणार नाही.

इसेन्शियल ऑइलचे थेंब पाण्यात टाकून घरच्या घरी करण्याचा बेत पुष्कळजणी करतात, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की ते टाकीत नकोच. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं, लवंगेचं असेल तर तळाशी बसतं. म्हणजे इस्त्रीत कधी नुसतं पाणी जाणार, कधी नुसतं तेल. आणि ही तेलं प्लास्टिक, रबर यांना मऊ करतात. खात्री करायची असेल तर चवथीच्या जुन्या मखरातला थर्माकोलचा तुकडा घ्या आणि त्यावर संत्र्याच्या तेलाचा एक थेंब टाका. थेंब थर्माकोल खात खाली उतरतो. माझ्या भाच्याने मला हे करून दाखवलं आणि मी त्याच दिवशी संत्र्याचं तेल इस्त्रीच्या टेबलावरून हलवलं. इस्त्रीची टाकी थर्माकोलची नसते हे खरं, पण आतले वायसर आणि नळ्या रबराच्या असतात.

आगीचं तर त्याहून महत्त्वाचं. अत्तराच्या आणि कपड्यांवर मारायच्या बऱ्याच फवाऱ्यांत अल्कोहोल असतं. त्याची वाफ खोलीच्या साध्या तापमानालाही पेट घेऊ शकते. डिओच्या डब्यात तर पेट घेणारा गॅसही असतो. इस्त्रीचा तळ एका ठिपक्याला ११०, दोनला १५०, तीनला २०० अंश सेल्सिअसपर्यंत जातो, आणि जुन्या इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमध्ये ठिणगी पडते. एका प्रयोगाच्या रात्री आमच्या एका तरुण नटाने तापलेल्या इस्त्रीशेजारी उभं राहून अंगरख्यावर डिओचा लांब फवारा मारला. काही झालं नाही. पण आम्ही होतो देवळाच्या मंडपामागे, चटयांच्या खोलीत, आजूबाजूला कापडी पडदे, फेटे, कागदी हार. मी त्याला ओरडले नाही, हात धरून बाहेर नेलं आणि समजावून सांगितलं. आता नियम असा आहे की फवारा असेल तर आधी मारायचा, कपडा हवेवर पूर्ण वाळू द्यायचा आणि मगच इस्त्रीच्या खोलीत आणायचा. कापूर तर इस्त्रीजवळ नाहीच.

तिथेच विजेचंही. माझी इस्त्री २००० वॅटची. २३० व्होल्टवर ती जवळजवळ ९ अँपिअर ओढते. मंडपात मिळतो तो एक्स्टेन्शन बोर्ड सहा अँपिअरचा असतो, आणि त्यालाच मेकअपचे दिवे, पंखा, कुणाचा तरी मोबाइल. बोर्ड हाताला गरम लागायचा. मी दोन वर्षं मागे लागून मंडळाकडून सोळा अँपिअरची जाड वायर आणि प्लग घेतला. पावसात ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून वाफेची इस्त्री धरायची नाही, पायाखाली लाकडी फळी किंवा रबराची चटई. पाणी भरताना प्लग काढलेलाच पाहिजे. वाफेने भाजलं तर लगेच वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटं, टूथपेस्ट किंवा हळद नाही. माझ्या मनगटावर एक जुनी खूण आहे, तेव्हा मी टूथपेस्ट लावली होती.

सुगंध सगळ्यांना मानवतो असं नाही, हेही या बाटल्यांवर कुणी ठळक लिहीत नाही. लिनालूल, लिमोनिन, जेरॅनिऑल अशा सुगंधी घटकांनी काहींच्या त्वचेला पुरळ येतं, हवेत जुनी झालेली तेलं जास्त त्रास देतात. युरोपात अशा २६ घटकांची नावं लेबलवर छापणं बंधनकारक झालं, म्हणून त्या परदेशी बाटलीवर निदान यादी तरी होती. आमच्या नायिकेच्या मानेवर लव्हेंडर फवारलेल्या ब्लाउजमुळे लाल चट्टे उठले. आता गळा, काख, कंबर या ठिकाणी मी काहीच फवारत नाही, पदराच्या आणि सोग्याच्या टोकाला फवारते. एकाला दमा आहे, त्याचे कपडे पूर्ण बिनवासाचे असतात आणि त्याची वेगळी पिशवी आहे. इस्त्री करताना पाऊस असला तरी मी एक खिडकी उघडी ठेवते.

घरात तीन महिन्यांचा नातू आहे. त्याच्या कपड्यांना लव्हेंडर नाही, वाळा नाही, काहीच नाही. आणि डांबरगोळ्या तर घरातूनच काढल्या. नॅप्थलीनच्या गोळ्यांत ठेवलेली दुपटी बाळाला गुंडाळली आणि बाळात जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असेल, तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ धोक्याच्या पातळीला जाऊ शकते. आमच्या आजीच्या पेटीत या गोळ्या असायच्या, बाळाची पहिली दुपटी त्याच पेटीतून निघायची. हे मला माझ्या बाळंतपणात कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

ट्रंकांना आता मी काय ठेवते? वाळ्याच्या मुळ्यांच्या जुड्या, मलमलच्या पिशवीत. आणि वाळवलेली ओवळां, म्हणजे बकुळीची फुलं. बकुळ वाळल्यावरही वास सोडत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरंगीचे वळेसर, म्हणजे गजरे, बाजारात येतात, त्यातला एखादा वाळवून ठेवते, पण त्याचा पिवळा पराग कापडाला लागतो, म्हणून तो दुहेरी पिशवीत. जायांचा मोह मला म्हार्दोळजवळ राहून आवरत नाही, पण जाई एका रात्रीची. ती देवीला आणि केसांत. कपाटात ती काळी पडते.

गुण द्यायचे तर असे. लव्हेंडरचं पाणी, फवारून वापरलं तर पाचात तीन: सुवास उत्तम, टिकाऊपणा कमी, किंमत जास्त, आणि समोरच्या मोठ्या अक्षरांसाठी एक गुण मी मुद्दाम कापला आहे. टाकीत घालायला, माझ्या इस्त्रीत तरी, शून्य. तुमच्या इस्त्रीच्या पुस्तिकेत अशा पाण्याला स्पष्ट परवानगी असेल तर गोष्ट वेगळी, पण ती ओळ आधी स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. वाळ्याचं पाणी साडेचार. अर्धा गुण त्या पिवळट छटेचा.

येत्या जत्रेच्या नाटकाची तयारी सुरू झाली आहे. डागाच्या कदाचा सोगा कापून मी आतल्या बाजूला घेतला आणि त्याला वेगळं काठपट्टीचं कापड जोडलं. नेसल्यावर ठिपके निऱ्यांत जातात. शास्त्रीबुवांची भूमिका करणारे गृहस्थ परवा नेसून बघायला आले होते. उपरणं खांद्यावर टाकलं, थांबले आणि म्हणाले, 'काकी, वाळा आहे ना हा? आमच्या जुन्या घरच्या ओसरीवर होता.' मग त्यांनी तालमीतलं पहिलं पद तिथेच उभ्या उभ्या म्हटलं, सोगा न ओढता.